टायरच्या वरची फट

"मामा, इकडे ये. ही फट बघ."

भाच्याने जुनी स्विफ्ट घेतली होती. एकाच डॉक्टरांनी वापरलेली. (पुण्यात विकायला निघालेली प्रत्येक गाडी एकाच डॉक्टरांनी वापरलेली असते, हे डॉक्टर पेशंट कधी तपासतात कोण जाणे.) चाकांखाली लिंबं चिरडून झाली होती, पेढे वाटून झाले होते आणि मी बॉनेट उघडून आतलं सगळं समजत असल्यासारखा उभा होतो. फट म्हटल्यावर मला वाटलं, दार नीट लागत नसेल. पण भाचा पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या मोकळ्या जागेत त्याने चार बोटं आडवी घातली. चारही आरामात गेली. पत्रिका जुळत नसल्याचं गुरुजींनी सांगावं तशा आवाजात तो म्हणाला, "चार बोटं! मांजर झोपेल इथे. दोन पाहिजेत."

"पण गाडी नीट चालतेय ना?"

"चालतेय रे. उभी नीट राहत नाहीये."

आता आमच्या घराण्यात गाडीचं एकच मोठेपण मानतात, ते म्हणजे ती खाली घासत नाही. वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीला मागे पाटे होते. लग्नसराईच्या आधी ते नेमाने एक जादा पाटा घालून घेत, आणि मग वैशाखभर गाडी मागून उंच होऊन नमाज पढायच्या बेतात असल्यासारखी दिसे. आज पाटे गेले तरी हौस गेलेली नाही. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये अडकवायचे रबरी बफर मिळतात, ते घालून गाडी बोटभर उचलून घेणारे माझ्याच मजल्यावर दोघे आहेत. गाडी बघायला गेलेला सासरा मायलेजच्या आधी ग्राउंड क्लिअरन्स विचारतो. आणि हा दिवटा पदरचे पैसे घालून ती खाली करणार! जमिनीपासून १६३ मिलिमीटर उंचीची गाडी याला १२८ वर आणायची होती. पस्तीस मिलिमीटर. दहाच्या नाण्यापेक्षा थोडं जास्त. एवढ्या नाण्यापायी घरात दोन महिने दुसरा विषय निघाला नाही.

भाच्याचं म्हणणं शास्त्रीय होतं. गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर वजन कमी सरकतं, गाडी रस्त्याला चिकटून चालते. हे खरंच आहे. फक्त किती, हे तो सांगत नव्हता म्हणून मी हिशेब केला. अशा छोट्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आसपास. त्यातले साडेतीन सेंटिमीटर गेले म्हणजे रुपयातले सहा-सात पैसे. तेवढा फायदा मी स्वतः पोळ्या कमी खाऊनही करून दिला असता, कारण त्याच्या गाडीत शेजारच्या सीटवर बहुतेक वेळा मीच असतो.

पुढची गंमत तर त्याहून मोठी. स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने जनरल मोटर्सच्या एका छोट्या गाडीसाठी ही रचना योजली. ती गाडी बाजारात आलीच नाही, गृहस्थ फोर्डमध्ये गेले आणि १९५० च्या फोर्ड कॉन्सलपासून त्यांचा स्ट्रट जगभरच्या छोट्या गाड्यांत जाऊन बसला. स्वस्त, सुटसुटीत, जागा कमी खाणारा. पण त्याची एक खोड आहे. गाडी खाली बसवली की चाकाला धरणारा लोअर आर्म आधी आडवा होतो आणि मग उलटा कलतो. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कुशीवर कलते, तो बिंदू मग गुरुत्वमध्यापेक्षाही वेगाने खाली घसरतो. दोघांमधलं अंतर वाढलं की वळणावर गाडीला कलायला जास्त जोर मिळतो. म्हणजे नुसती उंची कमी करून गाडी कमी कलेल असं नाही, उलट कलायला जास्त राजी होते. तिला ताठ धरतो तो स्प्रिंगचा कडकपणा.

हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "तेच तर! म्हणून कडक स्प्रिंग." वाद जिंकल्यावर समोरच्याचा फायदा होतो, असा हा एकमेव विषय असावा.

मग रविवारी नाना पेठ. पुण्यात गाडीचा सुटा भाग हवा असला की सगळे रस्ते तिथेच जातात. पहिल्याच दुकानाबाहेर स्टुलावर बसलेल्या मिस्त्रींनी चहाचा घोट घेत उपाय सांगितला. "नव्या कशाला घेता? आहे तीच कापू. एक वेढा उडवला की बसली गाडी खाली. अर्ध्या तासाचं काम." बाजूलाच ग्राइंडर पडलेला होता आणि त्याच्याकडे पाहून मला स्प्रिंगची दया आली.

भाच्याला दया नाही, संताप आला. त्याचं म्हणणं असं, आणि इथे मी पूर्णपणे त्याच्या बाजूचा आहे, की कापलेल्या स्प्रिंगचं टोक वरच्या-खालच्या वाटीत नीट बसत नाही. शिवाय कापल्याने ती कडक होते पण किती, ते मापून कोणी केलेलं नसतं. सहा चालत्या वेढ्यांतला एक उडवला तर उरलेल्या पाचांची स्प्रिंग वीस टक्क्यांनी कडक होते, कारण तेवढाच भार आता पाच जणांनी वाहायचा तर प्रत्येकाच्या वाट्याला आधीइतकंच वाकणं येतं आणि वाकणारा एक कमी झालेला असतो. कापण्याहून भयंकर प्रकार म्हणजे गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग लाल करून ती दबवणं. पोलादाला कारखान्यात दिलेलं पाणी त्यात उतरतं. तशी स्प्रिंग पुढे बसते ती बसतच राहते.

दुसऱ्या दुकानात खऱ्या लोअरिंग स्प्रिंगा होत्या. खोक्यातून लाल रंगाच्या चार स्प्रिंगा निघाल्या आणि भाच्याने त्यातली एक हातात अशी घेतली, जसं त्याला जन्मानंतर मी घेतलं होतं. आयबाख, एच अँड आर, बिलस्टाइन, कोनी ही नावं तो अष्टविनायकांच्या क्रमासारखी घेतो, मध्ये एक चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. यातली कोनी ही डच कंपनी १८५७ साली घोडागाड्यांच्या सामानापासून सुरू झाली. आपल्याकडे तेव्हा निराळीच गडबड चालू होती, म्हणून लक्ष गेलं नसावं.

दुकानदाराने स्प्रिंगवर टिचकी मारून दाखवली. लोक मडक्यावर मारतात तशी. आवाज काय यायला हवा हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं, तरी दोघांनी मान हलवली. नीट पाहिलं तर एका टोकाकडचे वेढे जवळजवळ आणि दुसरीकडचे लांब लांब होते. याला प्रोग्रेसिव्ह म्हणतात: थोड्या दाबाला नरम, कारण जवळचे वेढे आधी मिटतात, आणि ते मिटले की उरलेले कडकपणा दाखवतात. आमच्या मोठ्या काकांचा स्वभाव हुबेहूब असा. एकसारख्या वेढ्यांची ती लिनिअर. ती पहिल्या खड्ड्यापासून शेवटच्या खड्ड्यापर्यंत एकाच भावाने वागते. तारेच्या जाडीचा प्रताप तर विलक्षण आहे, कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. तार दहा टक्के जाड घेतली की स्प्रिंग जवळजवळ दीडपट कडक. डोळ्यांना फरक कळत नाही, मणक्याला कळतो.

मुळात हे सगळं ज्या नियमावर चालतं तो रॉबर्ट हूकचा. ताण जितका, जोर तितका. नियम इतका साधा की आपल्या आधी कोणी हाणेल या भीतीने हूकने १६७६ साली तो अक्षरांची सरमिसळ करून कोड्याच्या रूपात छापला आणि उकल दिली थेट १६७८ मध्ये. लंडनमध्ये राहूनही माणूस पुणेरी होता.

"स्प्रिंगा घेतल्या म्हणजे झालं ना?" मी भोळेपणाने विचारलं. दुकानदाराने माझ्याकडे वधूपित्याकडे बघावं तसं बघितलं.

झालं कसलं! स्प्रिंग धक्का खाते. पण खाल्ल्यावर ती थयथय नाचते, ते नाचणं थांबवणारा शॉकअप. कंपनीचा शॉकअप कंपनीच्या स्प्रिंगच्या तालावर बसवलेला असतो. ती दीडपट कडक झाली की जुन्या शॉकअपला ती आवरत नाही, आणि गाडी खाली बसल्यामुळे त्याच्या दांड्याला हलायला जागाही कमी उरते. म्हणून शॉकअप. शॉकअप काढतोच आहोत तर वरचं माउंटिंग जुनं कशाला? माउंटिंग नवं तर बुश जुने का? बुश बदलले की अलाइनमेंट आलंच, कारण गाडी खाली आल्यावर चाकं थोडी फेंगडी होतात आणि टो, म्हणजे चाकांचा समोरचा रोख, बिघडला की टायरची आतली कड अशी गुळगुळीत होते की बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. याहून वरची पायरी म्हणजे कॉइलओव्हर, ज्यात उंची पाना घेऊन हवी तशी फिरवता येते. त्याची किंमत ऐकून मी स्टूल मागून घेतलं. भाचा एकोणीस हजारांच्या स्प्रिंगा घ्यायला आला होता, पहिल्या कच्च्या बिलावर आकडा बासष्टवर गेला होता. दुकानदाराने तरीही "तुमचं बजेट सांगा, त्यात बसवू" असं म्हटलं. गाडी बसवायला आलेल्या माणसाला बजेटही बसवून मिळतं, हे मला आवडलं.

कायद्याचंही विचारून घेतलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाने करायचे नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार नको असं बजावलं. आता स्प्रिंग त्यात मोडते की नाही? नाना पेठेत यावर प्रत्येक दुकानाचं स्वतंत्र खंडपीठ आहे. सगळ्यांचा निकाल मात्र "काही होत नाही हो" असाच लागतो. वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, १९६६ सालापासूनची संस्था, देशातल्या गाड्या तिथे तपासून पास होतात. टेकडीच्या वर गाड्या पास करायच्या आणि टेकडीच्या खाली भाच्यांनी त्या पुन्हा परीक्षेला बसवायच्या, अशी ही वाटणी.

शेवटी स्प्रिंगा, शॉकअप आणि माझी ना-ना करत दिलेली उसनवारी, एवढ्यावर सौदा ठरला.

स्प्रिंगा बदलण्याचं काम मी पूर्ण उभा राहून पाहिलं, आणि खर्चाच्या मानाने तेवढंच वसूल झालं. मिस्त्रींनी पुढचं चाक काढलं, तीन-चार नट सोडले आणि अख्खा स्ट्रट उसाच्या कांड्यासारखा बाहेर ओढून घेतला. स्प्रिंग त्याच्यावर आवळलेली. दोन बाजूंनी दोन कॉम्प्रेसर लावून एकदा इकडचा, एकदा तिकडचा, असे आळीपाळीने ते पाना फिरवू लागले. वेढे हळूहळू जवळ येत गेले. गॅरेजमधला पोऱ्या गाणं म्हणत होता तो गप्प झाला. "काका, समोर नका उभं राहू," मिस्त्री मान वर न करता म्हणाले, "सटकली तर ही कुणाची नाय." मी दाराआड गेलो. वरचा नट निघाला, स्प्रिंग सुटी झाली आणि दांड्यावरचा बम्प स्टॉप, म्हणजे शेवटचा दणका झेलणारी ती फोमची नळी, मिस्त्रींच्या चिमटीत शिळ्या केकसारखी भुगा झाली. डॉक्टरांनी गाडी अगदीच हळू चालवलेली नव्हती तर.

मागचं काम पाच मिनिटांचं. तिथे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे. शॉकअपचा बोल्ट काढून आडवा दांडा खाली दाबला की स्प्रिंग हाताने निघते.

गाडी जॅकवरून उतरली आणि भाच्याने आधी बोटं घातली. अडीच. "हजार किलोमीटर चालवा, बसंल अजून," मिस्त्री म्हणाले. आणि खरं सांगायचं तर ती दिसत छान होती. मघापर्यंत धोतर वर धरून चिखल ओलांडणाऱ्या मास्तरांसारखी होती, आता मांडी घालून बैठकीला बसलेल्या गवयासारखी. मी हे मोठ्याने बोललो नाही.

कात्रजच्या जुन्या घाटात त्याने मला फिरवून आणलं. वळणावर गाडी झुकत नव्हती, स्टिअरिंग सांगेल तिकडे लगेच जात होती, आणि मीदेखील एक-दोनदा "वा" म्हणालो. अडचण फक्त सरळ रस्त्याची होती. साधारण गाड्यांची स्प्रिंग अशी ठेवतात की गाडी सेकंदाला एक-दीड वेळा वरखाली व्हावी. माणसाच्या चालण्याची लय त्याच्याच आसपासची, म्हणून शरीराला ते सोसतं. स्प्रिंग कडक झाली की ही लय वाढते आणि माणूस बसल्या जागी दुडक्या चालीने पळू लागतो. एसटीच्या शेवटच्या बाकावर बालपण काढलेल्या मला त्यात नवं काही नव्हतं. पण तिथे मी उसने पैसे देऊन बसलो नव्हतो.

खरा प्रसंग सोसायटीच्या गेटपाशी आला.

इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्ये गतिरोधकाचं माप ठरवून दिलं होतं. उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, गोलाई १७ मीटर त्रिज्येची. ताशी २५ किलोमीटरने गाडी सुखाने पार व्हावी. यातली खुबी त्या रुंदीत आहे. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर सुमारे २.४५ मीटर. म्हणजे गाडी मध्यावर आली की चारही चाकं गतिरोधकावरच चढलेली असतात, आणि पोटाखाली उंचवटा उरतो तो फक्त साडेचार सेंटिमीटर. पोटाला कळतही नाही. आमच्या गेटपाशीचा गतिरोधक मात्र कमिटीने कंपाउंडच्या कामातून उरलेल्या काँक्रीटमध्ये घातला. त्याची रुंदी वॉचमनच्या पाटीएवढी, कारण काँक्रीट तेवढंच उरलं होतं. गाडीची चाकं त्याच्या दोन्ही बाजूंना उतरतात आणि सगळा उंचवटा पोटाखाली येतो. उंची मी आणि भाच्याने रात्री दहा वाजता आडवी फळी ठेवून शाळेच्या पट्टीने मोजली. १३० मिलिमीटर.

१६३ वजा ३५, बरोबर १२८.

दोन मिलिमीटर! एकोणीस हजार अधिक शॉकअप अधिक मजुरी, आणि दोन मिलिमीटरसाठी गाडी स्वतःच्या घरात शिरेना. त्यातही १२८ ही रिकाम्या गाडीची उंची. मग भाचा गतिरोधक तिरका ओलांडायला शिकला, आधी एक चाक, मग दुसरं, जुन्या काळी नाव वल्हवत काठाला लावायचे तसं. मागे रिक्षांची रांग लागे. ताई तर गेटबाहेरच उतरून चालत येऊ लागली आणि विचारणाऱ्यांना "वजन कमी करायचंय" असं सांगू लागली. कोणाचं, ते ती सांगत नसे.

लोकांना गाडी खाली बसवायची हौस जुनीच आहे. कॅलिफोर्नियातले मेक्सिकन वंशाचे तरुण फार पूर्वी डिक्कीत वाळूची पोती टाकून गाड्या जमिनीला टेकवत. चाकाच्या रिमपेक्षा गाडीचा कुठलाही भाग खाली नको, असा कायदा तिथे १९५८ पासून लागू झाला. तर रॉन अगिरे नावाच्या गड्याने १९५९ मध्ये आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. हे वाचल्यावर मी भाच्याला म्हटलं, वाळूची पोती आपल्याकडे घरचीच आहेत. मी, तुझी आई, आत्या आणि फराळाचे डबे एवढं भरलं की कुठलीही गाडी फुकट दोन बोटांवर येते. तो हसला नाही. त्या वयात मीही हसलो नसतो.

जुलैत फोन आला. "मामा, चेंबर फुटलं."

"कुठल्या रस्त्यावरचं?"

"रस्त्यावरचं नाही रे, माझं."

इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यालाही गॅरेजवाले चेंबरच म्हणतात. पावसाने रस्ता खाली गेला होता, ड्रेनेजचं चेंबर होतं त्याच उंचीवर राहिलं होतं, पाण्यात दिसलं नाही आणि एका चेंबरने दुसऱ्या चेंबरचा वेध घेतला. मी पोचलो तेव्हा भाचा छत्री धरून उभा होता आणि पाण्यावर तेलाचं इंद्रधनुष्य पसरलं होतं. टोईंगवाल्याने गाडी वाकून पाहिली. मग टायरच्या वरच्या फटीत बोटं घातली, दोन, आणि म्हणाला, "दादा, मस्त बसलीय गाडी. कुठं करून घेतली?" भाच्याने त्या पावसात, त्या अवस्थेत, त्याला दुकानाचा पत्ता सविस्तर सांगितला.

गणपतीत आम्हाला सगळ्यांना चिपळूणला जायचं होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात मूळ स्प्रिंगा परत चढल्या. शॉकअप नवेच ठेवले, ते उत्तम आहेत. फट पुन्हा चार बोटांची झाली, आणि त्यात एक मांजर खरोखरच झोपतं.

लाल स्प्रिंगा माझ्या माळ्यावर आहेत. चार नग, एकच पावसाळा वापरलेल्या, घरच्या इंजिनिअरने. किंमत समक्ष बोलू. बघायला यायचं असेल तर रविवारी दहानंतर यावं, आणि येताना शक्यतो दुचाकीवर यावं. कमिटीने गेल्या महिन्यात आतल्या बाजूला आणखी एक गतिरोधक घातला आहे.